मोहोरावरची बाग आणि वायद्याचा बाजार

श्रीवर्धन-म्हसळ्याकडे हल्ली एक प्रश्न हमखास येतो: मोबाईलवर फ्युचर्स-ऑप्शन्स केलं तर चालतं का? ‘चालतं’ म्हणणारे मोहम्मद हाशिम कमाली यांचं इस्लामी व्यापारी कायद्यावरचं २००० सालचं पुस्तक पुढे करतात. भारदस्त पुस्तक आहे, म्हणून आज तेच तपासून बघू.

कमालींचं म्हणणं असं. व्यवहारात मनाईचा पुरावा मिळेपर्यंत परवानगी गृहीत धरायची. ‘जवळ नाही ते विकू नये’ या हदीसमागे माल देता न येण्याची भीती आहे, आणि ती आजचं क्लिअरिंग हाऊस हमी देऊन दूर करतं. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९९२ मध्ये उलट निर्णय दिलेला असला, तरी हा युक्तिवाद आम्हाला हलका वाटत नाही.

पण तो आपल्या आंब्याच्या बागेत नेऊन बघा. मोहोर आला की व्यापारी अख्खी बाग उक्ती घेतो. फळ धरेल, की तुडतुडा आणि अवकाळी पाऊस सगळं झाडून नेईल, कुणाला ठाऊक? आपण कोकणी मुसलमान शाफई. त्या मजहबात फळ पाडाला लागण्याआधी, झाडावर राखायच्या बोलीने विकणं बातिल. कारणही हदीसमध्ये आलंय: फळच आलं नाही तर भावाचे पैसे कुठल्या हक्काने घ्यायचे? म्हणजे चिंता नुसती माल मिळण्याची नाही. एकाच्या बुडण्यावर दुसऱ्याने खाण्याची आहे. हमीदार आणून बसवला तरी ती जात नाही. (मोहोरावर बाग देऊन शेअरबाजाराला हराम म्हणणारेही आपल्यातच आहेत!)

सलमचा करार बघा. पैसे पूर्ण आधी, मालाचं माप, प्रत, तारीख ठरलेली, आणि अमुकच झाडाचं फळ हवं असा हट्ट नाही. बागायतदाराला फवारणीला रोकड मिळते. वायद्यात मात्र माल उधार, पैसेही उधार.

निफ्टीच्या ऑप्शनमध्ये तर द्यायला मालच नाही, नुसता फरक रोख मिळतो. मग क्लिअरिंग हाऊस कसल्या मालाची हमी देणार? कमालींचा आधार इथे लागूच पडत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. कुणाच्या बुडण्यावर कोण खातंय, ते यात दिसतं.

शेअर विकत घेऊन ठेवणं हा वेगळा मामला. तिथे कंपनीचा धंदा आणि तिचं कर्ज बघावं लागतं. मुंबई शेअरबाजारात २०१० पासून शरिया निर्देशांकही आहे. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.