‘व्यवस्थापनाच्या मते’ : ताळेबंदातील एका वाक्याची समीक्षा

कंपनीचा वार्षिक अहवाल आपण समीक्षेच्या कक्षेत घेत नाही. पण त्याच्या मागच्या पानांवर, हिशेबाच्या टिपांमध्ये, एक मजकूर वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने छापला जातो. प्राप्तिकराच्या मागणीला आव्हान दिले आहे. कायदेशीर सल्ल्याच्या आधारे, व्यवस्थापनाच्या मते, निकाल आपल्या बाजूने लागेल. म्हणून तरतूद केलेली नाही. यात मत आहे, कारण नाही. हा गद्याचाच दोष आहे आणि त्याची किंमत वाचणारा मोजतो, असे माझे म्हणणे आहे.

हे आगरदांड्याहून लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. राजपुरी खाडीच्या या तीरावर आगरदांडा, समोर दिघी. दोन्ही मिळून दिघी बंदर. बंदर उभारणाऱ्या कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ती ७०५ कोटी रुपयांना घेतली. मी लेखापाल नाही. बंदरांचा पैसा कसा चालतो हे कळावे म्हणून कंपन्यांचे अहवाल वाचू लागलो आणि वाचता वाचता शिकलो.

करातील अनिश्चितता म्हणजे करचोरी नव्हे. पुष्कळदा ती एका शब्दाच्या अर्थाची असते. बंदरासारख्या पायाभूत प्रकल्पांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-आयएखाली दहा वर्षे नफ्याची शंभर टक्के वजावट मिळत असे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या प्रकल्पांना ती बंद झाली. पण नफा त्या व्यवसाया‘पासून मिळालेला’ हवा. मग ठेवींवरचे व्याज त्यात बसते का? दुसऱ्या एका वजावटीच्या कलमातील हाच शब्दप्रयोग सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पांडियन केमिकल्स प्रकरणात अरुंद अर्थाने वाचला. कारखान्याला वीज लागते, विजेसाठी मंडळाकडे अनामत ठेवावी लागते. तरीही अनामतीवरचे व्याज हा कारखान्यापासून मिळालेला नफा नव्हे. कवितेच्या ओळीवर आपण घालतो तसाच हा वाद, फक्त इथे अर्थाला रुपयांत किंमत असते.

ती किंमत मांडायची कशी? भारतात १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस १२’ या लेखामानकाचे परिशिष्ट ‘सी’ लागू झाले. कंपनीची भूमिका प्राप्तिकर खाते मान्य करील असे संभवनीय नसेल, तर दोन वाटा आहेत : सर्वांत संभाव्य रक्कम धरा, किंवा सगळ्या शक्यतांची भारित सरासरी काढा, निकालाचा अंदाज ज्याने नीट येईल ती वाट घ्या. अमेरिकेच्या २००६ च्या नियमाची रीत तिसरीच.

समजा, १०० लाखांच्या करबचतीचा दावा आहे. तो पूर्ण मान्य होण्याची शक्यता ३० टक्के, ६० लाखच मान्य होण्याची २५ आणि २० लाखच मान्य होण्याची ४५. सर्वांत संभाव्य रक्कम धरली तर बचत २० लाख. सरासरीने ५४ लाख. अमेरिकी रीतीत दावा कायद्याने टिकण्याजोगा आहे हे आधी ठरवायचे, मग मोठ्या रकमेपासून शक्यतांची बेरीज करत निम्म्यापुढे गेलो की थांबायचे : ६० लाख. एकच दावा, त्याच शक्यता, आणि तीन वेगळे आकडे. यात कोणीही खोटे बोललेले नाही. म्हणूनच आपण कोणत्या रीतीने मोजले हे सांगणे कंपनीचे कर्तव्य ठरते.

या परिशिष्टातले एक कलम मला मनापासून पटते. अधिकारी तपासणी करणारच आणि त्याला सगळी माहिती असणारच, असे धरून कंपनीने हिशेब करायचा. ‘सापडलो नाही तर’ ही शक्यता मोजायचीच नाही. पण जो प्रामाणिकपणा काल्पनिक अधिकाऱ्यापुढे सक्तीचा, तो खऱ्या वाचकापुढे ऐच्छिक राहतो. कारण परिशिष्ट नवे काही जाहीर करायला सांगत नाही, जुन्याच मानकांकडे बोट दाखवते. अमेरिकेत भांडवलबाजारातील कंपनीला अनिश्चित करलाभ वर्षारंभी किती होता, किती वाढला, किती मिटला याचा तक्ता द्यावा लागतो. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या मतावर भागते.

गंमत अशी की त्याच अहवालात, लेखापरीक्षकाच्या परिशिष्टात, वादामुळे न भरलेल्या देण्यांचा एक रूक्ष तक्ता असतो. कायदा कोणता, देणे कसले, रक्कम किती, वर्ष कोणते, प्रकरण कुठल्या अपिलात. एकही विशेषण नाही. माझ्या लेखी हे अधिक चांगले गद्य आहे. मात्र वाद कशावर आहे हे तोही सांगत नाही, आणि वादातली पण भरून टाकलेली रक्कम त्यात येत नाही.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही. २००७ च्या हचिसन व्यवहारात कर कापून न ठेवल्याबद्दल व्होडाफोनकडे सुमारे ११ हजार कोटींची मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये कंपनी हरली, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. त्याच वर्षी संसदेने कायदा थेट १९६२ पासून बदलला, आणि २०२१ मध्ये अशा जुन्या व्यवहारांपुरता तो मागे घेतला. निकाल लागल्यावर प्रश्नच बदलणार असेल, तर शक्यता कशाची मोजायची?

दिवाळखोरीत तर वाद निकालाविनाच संपू शकतो. घनश्याम मिश्रा प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मंजूर निराकरण योजनेत नसलेले दावे, सरकारी देणीसुद्धा, संपुष्टात येतात. कर देय होता की नव्हता हे मग कोणालाच कळत नाही. कंपनीच्या आयुष्यात तिने त्याबद्दल जे लिहिले, तेवढीच नोंद मागे राहते.

म्हणून ती नोंद वाचण्याजोगी हवी. वाद कोणत्या शब्दावर आहे, रक्कम कोणत्या रीतीने मोजली आणि गेल्या वर्षीच्या मताचे पुढे काय झाले, एवढी तीन वाक्ये पुरेत. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. जे मत कधीच पडताळून पाहिले जात नाही, त्याला मत म्हणण्यात अर्थ नाही.