तवसळीला केक म्हणावें काय?

भाद्रपद लागला कीं गोव्याच्या बाजारांत आणि रस्त्यांच्या कडेला मोठाल्या तवशांचे ढीग दिसूं लागतात. हातभर लांब, पिंवळसर पडलेलीं, आंत टणक बिया धरलेलीं हीं तवशीं. चतुर्थीला तींच माटोळीला टांगलीं जातात आणि पुढें आश्विनांत घरोघर त्यांची तवसळी होते. अलीकडील पाककृतींच्या लेखनांत मात्र या पदार्थाला ‘काकडीचा केक’ म्हणण्याचा प्रघात पडत चालला आहे. नांव बदललें म्हणून चव थोडीच बदलते, असें कोणी म्हणेल. आमचा अनुभव असा कीं ती बदलते. म्हणूनच या विषयाची थोडी चिकित्सा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तवसळीची घडण पाहूं. पिकलेलें तवसें चिरून बिया काढतात व गराचा कीस करतात. त्याला सुटलेलें पाणी टाकून देत नाहींत. तांदळाचा जाडसर रवा किंचित् भाजून त्याच पाण्यांत भिजूं देतात. गूळ, ओल्या नारळाचा चव, चिमूटभर मीठ, वेलची अथवा जायफळ, आणि घरांत असतील तर काजूचे तुकडे. वरून पाणी घालावें लागत नाहीं. अंडें नाहीं, सोडा नाहीं, खमीर नाहीं. पूर्वीं हें मिश्रण जाड बुडाच्या भांड्यांत थापून खालीं मंद विस्तव आणि झांकणावर निखारे ठेवून भाजीत. दोहों बाजूंनीं आंच लागून कडा तांबूस होत आणि मधला भाग ओलसर व घट्ट राही. तवसळी फुगत नाहीं आणि तिनें फुगावें अशी कोणाची अपेक्षाहि नसते.

आतां ‘केक’ या नांवाचा परिणाम पाहावा. तो शब्द उच्चारला कीं फुगणें आलें, हलकेपणा आला, सुरीनें कापल्यावर दिसणारी जाळी आली. मग पाककृति लिहिणारा या अपेक्षेस जागतो. तो बेकिंग पावडर सुचवितो, आणि पीठ सैल होऊं नये म्हणून काकडीचें पाणी पिळून टाकण्यास सांगतो. गेल्या आश्विनांत अशाच एका नव्या पाककृतीबरहुकूम आमच्या घरीं तवसळी झाली. तवशाऐवजीं बाराही महिने मिळणारी बारीक हिरवी काकडी होती, कारण लेखांत नुसतें ‘काकडी’ असेंच लिहिलें होतें. ती वडी भेगाळली, कोरडी झाली, आणि तिला तवशाचा तो मंद गंधहि नव्हता. याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तांदळांत गव्हासारखा चिकटपणा धरणारा अंश नसल्यानें वायूला अडवून धरणारी जाळी बनत नाहीं. तो भेगा पाडून निघून जातो. आणि पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर पदार्थाचा गंध व ओलावाहि जातो. दोष करणाऱ्या हाताचा नव्हता. तो लिहिणाऱ्याच्या शब्दाचा होता.

याचा अर्थ आम्ही भट्टीचे वा ओव्हनचे शत्रु आहों असा नव्हे. वर-खालीं निखारे ठेवून भाजणें हें तत्त्वतः ओव्हनचेंच काम आहे. शहरांतल्या सदनिकेंत निखारे कोठून आणावयाचे? परदेशीं राहणाऱ्या मुलीनें ओव्हनमध्यें तवसळी केली, तर ती अस्सल तवसळीच होय. शिवाय भट्टी गोव्याला कांहीं परकी नाहीं. आमच्या पहाटेला जाग आणणाऱ्या ‘पोदेरा’चें नांव आणि ‘पाव’ हा शब्द, दोन्ही पोर्तुगीज भाषेंतूनच आलेले. प्रश्न साधनाचा नाहीं, अपेक्षेचा आहे.

येथें दुसऱ्या पक्षाचाहि समाचार घेणें न्याय्य होईल. आपल्यांतील कांहीं मंडळी परकी चव म्हटली कीं नाक मुरडतात आणि आपलें अन्न अनादि व शुद्ध असल्याची ग्वाही देतात. त्यांनीं नवरात्रांतील उपवासाच्या ताटाकडे एकदां नीट पाहावें. साबुदाण्याच्या खिचडींत साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चार मुख्य जिन्नस. आपल्याकडील साबुदाणा ज्या कसावा कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा आणि बटाटाहि तिकडचेच, मिरची मेक्सिकोकडची. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचण्यापूर्वीं यांपैकीं एकहि जिन्नस आपल्या पूर्वजांच्या दृष्टीस पडलेला नव्हता. काजू ब्राझीलचा, अननस तिकडचाच. उलट ज्या काकडीला आपण नव्यानें ‘केक’चा साज चढवितों ती मात्र अस्सल इथली, तिचें रानटी रूप हिमालयाच्या पायथ्याशीं आढळतें. देवळांतील नैवेद्याचे नियम हा श्रद्धेचा व परंपरेचा विषय आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु घरच्या स्वयंपाकघरानें परक्या जिन्नसांस कधींच दार लावलेलें नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे.

तर मग जुन्या गृहिणींची कसोटी कोणती होती? जिन्नस कोठून आला हें त्यांनीं विचारलें नाहीं. तो आपल्या घरांत कसा नांदतो हें पाहिलें. तांबड्या भोपळ्याचेंच उदाहरण घ्या. हाहि अमेरिकेचा. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं येणाऱ्या सणाला त्याचा ‘पंपकिन पाय’ करतात. त्यांत दालचिनी, जायफळ व लवंग घालतात. यांतील दालचिनी सिंहलद्वीपाची, जायफळ व लवंग इंडोनेशियांतील मोलुक्का बेटांचीं. म्हणजे त्यांच्या सणाला आशियाचे मसाले, आणि आमच्या सणाला अमेरिकेचा भोपळा! आमच्या आज्यांनीं तोच भोपळा किसून, गुळांत शिजवून, कणकेंत मळून त्याचे घारगे तळले. आज अनेक घरांत पितृपक्षाच्या ताटांतहि त्याची भाजी वाढली जाते. त्याला कोणी ‘भारतीय पाय’ म्हटलें नाहीं आणि घारग्यालाहि कोणी परका मानलें नाहीं. जगाची चव घरांत येण्याची ही खरी रीत होय. वर दालचिनी भुरभुरून जुन्या पदार्थाचें नांव तेवढें बदलणें, ही ती रीत नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप लेखनासंबंधीं आहे. मराठींत पाककृतींच्या लेखनाची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचें. १९७० सालीं आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचीं सोपीं मापें हातीं देऊन कित्येक नवशिक्यांस धीर दिला. मापाचा प्रश्न अशा रीतीनें सुटला. ऋतूचा प्रश्न मात्र आजच्या लेखनानें नव्यानें निर्माण केला आहे. ‘दोन वाट्या काकडीचा कीस’ एवढेंच लिहिणाऱ्यानें कोणती काकडी, कोणत्या महिन्यांतील, कोवळी कीं पिकलेली, हें सांगितलें नाहीं, तर माप अचूक असूनहि पाककृति अपुरी राहते. ऐन वेळीं तवसें मिळालें नाहीं तर काय वापरावें हें अवश्य सांगावें; पण त्यानें काय उणें होईल हेंहि त्याच ओळींत सांगावें. एवढा प्रामाणिकपणा आम्ही कोणत्याहि पाककृतीकडून मागूं.

कोंकणी ‘तवशें’ आणि कोंकणपट्टीच्या मराठींतील ‘तवसें’ हा शब्द त्या विशिष्ट फळाचा आहे; ‘काकडी’ म्हटलें कीं तो भेद पुसला जातो. शब्द पुसला गेल्यावर मागणीहि पुसली जाते. मागणी नसेल तर डोंगरउतारावर पावसाळी वेल लावणारा शेतकरी पिकल्या तवशांतील बी धुवून, राख लावून पुढच्या वर्षासाठीं कां ठेवील? आणि बी गेलें तर चतुर्थीच्या माटोळीला आपण काय टांगणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. ओव्हन वापरा, काजू घाला, हवी तर दालचिनीहि घाला. पण पाककृतीच्या माथ्यावर तवसळीच लिहा आणि पहिल्या ओळींत पिकलेलें तवसें मागा. यंदा आमच्या घरीं त्याचेंच पाणी, न पिळतां, रव्यांत जाणार आहे.