‘शेमा’ आणि ‘ऐकणें’

वैरागला आमच्या वाड्यांत एक वृद्ध आत्याबाई असत. नातू भर उन्हांत हुंदडूं लागला कीं त्या ओट्यावरून करवादत, “किती सांगितलं, पण पोरगं ऐकंना!” पोराचे कान शाबूत होते, हांकही त्यांत शिरलेली होती, तरी तो ‘ऐकत’ नव्हता, आणि या बोलण्यांत कोणासही विसंगति वाटत नसे. हिब्रू शास्त्रांतील ‘शामा’ या क्रियापदाचा अर्थ मराठी माणसास सांगावयाचा झाल्यास याहून सोईचें उदाहरण मला तरी सांपडलेलें नाहीं.

‘शामा’ म्हणजे कानानें ऐकणें, आणि सांगितल्याप्रमाणें वागणें हेंही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायांत यज्ञबलीहून आज्ञापालन श्रेष्ठ, असें शौल राजास बजावलें आहे. तेथें मुळांत ‘ऐकणें’च आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांस त्या ठिकाणीं निराळें क्रियापद योजावें लागलें. मराठीस तशी गरज नाहीं. दोन्ही भाषांनीं हा भेद व्याकरणांतही जपला आहे. आपण ‘गाणें ऐकतों’, पण ‘आईचें ऐकतों’. षष्ठी आली कीं नुसत्या कानानें भागत नाहीं. हिब्रूंतही ‘आवाज ऐकणें’ वेगळें, ‘आवाजांत ऐकणें’ वेगळें. दुसऱ्याचा अर्थ बहुधा वचन मानणें असा होतो.

म्हणूनच ‘अनुवाद’ नामक पुस्तकाच्या ६ व्या अध्यायांतील सुप्रसिद्ध वचनाच्या आरंभीं प्रचलित मराठी शास्त्रांत ‘श्रवण’ हा शब्द पाहून वाईट वाटतें. नवविधा भक्तींत श्रवण पहिलें, तेव्हां शब्दास प्रतिष्ठा आहे हें मान्य. परंतु श्रवण कीर्तनांत डुलक्या घेतही होतें. आणि ‘पोरगं श्रवण करीना’ असें आत्याबाई कधींच म्हणाल्या नसत्या. घरगुती मराठी शास्त्रास शोभत नाहीं, ही सबब चालणार नाहीं. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांस कळेल अशा मराठींत केलेलें संपूर्ण भाषांतर केडगांवच्या मुक्ति मिशननें १९२४ सालीं प्रसिद्ध केलें.

त्या वचनाचा मूळ पहिला शब्द ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस शेजारी शनवार तेली म्हणत, त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. उरलीं तीं सुंता, शनिवारचा विसांवा आणि हें वचन. तें ते लग्नांत, सुंतेंत, सर्व प्रसंगीं म्हणत. १८३२ सालीं डॉ. जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापिलें; पण ज्या शब्दाचा अर्थ हरवला होता, तो शब्द या मंडळींनीं पिढ्यान् पिढ्या आत्याबाईंच्या अर्थानें ‘ऐकला’ होता. घरीं त्यांची बोली मराठीच.

तरी आपल्या क्रियापदाची ओढ फार ताणूं नये. उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायांत योसेफ दुभाष्यामार्फत भावांशीं बोलतो, आणि तो ‘ऐकतो’ हें त्यांना ठाऊक नसतें. येथें ‘शामा’चा अर्थ ‘भाषा समजणें’. ‘ऐकतो’ असें लिहिल्यास मराठी वाचक फसेल. ‘त्याला समजतें’ असेंच म्हटलें पाहिजे. शलमोन मात्र राज्यारंभीं देवापाशीं ‘ऐकणारें हृदय’ मागतो. तेथें भाषांतरकार बहुधा विवेक किंवा समज असें कांहीं घालतात. मी असतों, तर ‘ऐकणारें’च ठेविलें असतें.