बालप्रेक्षकांचा भीम : काही आवडत्या कथाभागांचे परीक्षण

महाभारतातील वीरांपैकी लहान मुलांना प्रथम आपलासा वाटतो तो भीम. अर्जुनाचे नैपुण्य कळण्यास वय लागते, धर्मराजाचे मोठेपण तर कित्येकांस उतारवयातही कळत नाही. पण बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न स्वतःच फस्त करणारा आणि मग त्या राक्षसालाच लोळविणारा भीम चार वर्षांच्या मुलासही समजतो. भूक आणि बळ या दोनच गोष्टींवर उभे राहिलेले हे पात्र दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर बालनायक म्हणून यावे, यात नवल नाही. हैदराबाद येथील ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन या संस्थेची, राजीव चिलका यांनी निर्मिलेली 'छोटा भीम' ही चलचित्रमालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. तिचे प्रेक्षक पुढे देशभर पसरले. मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या दहिसरसारख्या उपनगरात, जेथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती व हिंदी भाषक बिऱ्हाडे नांदतात, तेथील मुलांची ही मालिका म्हणजे एक समान ठेव होय. या ठेवीचा विचार वाङ्मयीन अंगाने तसाच भाषिक अंगानेही व्हावयास हवा.

मालिकेतील सामान्य भागाची घडण सर्वपरिचित आहे. ढोलकपूरवर एखादे संकट येते किंवा कालिया मत्सराने पेटून काही कुरापत काढतो. ढोलू आणि भोलू हे जुळे त्याची री ओढतात. चुटकी, राजू आणि जग्गू वानर भीमाच्या पाठीशी राहतात. ऐन वेळी भीम लाडू खातो, बळ संचारते व संकट टळते. मुलांना हे भाग आवडतात याचे कारण त्यांतील आश्चर्य नव्हे, तर आश्चर्याचा अभाव होय. काय घडणार हे ठाऊक असणे हाच येथे आनंद आहे, आणि लोककथेच्या श्रोत्याचा आनंदही याच जातीचा असतो. तथापि लाडूची ही योजना मालिकेचा कमकुवत दुवाही आहे. महाभारतातील भीम खातो, कारण तो बलवान आहे; ढोलकपूरचा भीम बलवान होतो, कारण तो खातो. कार्यकारणाची ही उलटापालट वरवर किरकोळ वाटली, तरी तिने नायकाचे बळ स्वभावातून काढून शिदोरीत नेऊन ठेवले आहे. जेथे लाडू हाताशी आहे तेथे कथानकाला ताण उरत नाही.

म्हणूनच कुस्तीचे आणि स्पर्धेचे भाग त्यांतल्या त्यात सरस ठरतात. पहलवानपूरचा कीचक हा भीमाचा प्रतिस्पर्धी. विराटपर्वातील कीचक द्रौपदीवर कुदृष्टी ठेवणारा आणि त्यापायी भीमाच्या हातून मरणारा. येथे तो केवळ एक गर्विष्ठ मल्ल उरला आहे. मुलांसाठी कथा सौम्य करणे क्रमप्राप्त होते, आणि नावातील दरारा राखून कृत्य वगळण्याची ही युक्ती चांगली साधली आहे. किर्मादा या दुष्टाचे नावही वनपर्वातील किर्मीर राक्षसाचे स्मरण करून देते. ज्या घरात आजी महाभारत सांगते तेथे ही नावे दुहेरी वाजतात. ज्या घरात सांगत नाही तेथे ती नुसतीच दुष्टांची नावे होत. महाराष्ट्रात तर 'भीम' या नावालाच आणखी एक, फार मोठा अर्थ आहे. 'जय भीम' हे अभिवादन ऐकत वाढणाऱ्या मुलाच्या मनात या नावाचा जो नाद उमटतो, त्याची कल्पना मालिकाकारांस असण्याचे कारण नव्हते.

लांबीच्या कथाभागांत २०१२ साली चित्रपटगृहांत आलेला दम्यानच्या शापाचा भाग सर्वांत विचारार्ह आहे. सोनापूरच्या सुवर्णाची भुरळ पडून मंडळी तेथे जातात आणि शापबद्ध दम्यानची सुटका होते. संकट येथे बाहेरून चालून आलेले नाही. नायकाच्या पक्षानेच ते मोकळे सोडले आहे, आणि ते निस्तरण्यासाठी भूतकाळात जावे लागते. केवळ मनगटाच्या बळावर सुटणार नाही असा पेच भीमापुढे टाकताच पात्राला खोली येते. मालिकेने ही वाट अधिक वेळा चोखाळावयास हवी होती.

आता भाषेकडे वळावे. मूळ संस्कृत लड्डुक, प्राकृत लड्डुअ. जोडव्यंजन सैल होऊन आधीचा स्वर दीर्घ व्हावा हा मराठीचा सर्वसामान्य नियम. त्याने जसे सत्तचे सात आणि हत्थचे हात झाले, तसा लाडू झाला. हिंदीही सात आणि हाथ या शब्दांत हाच नियम पाळते, परंतु लड्डू मात्र जोडाक्षरासह राखते. दहिसरच्या मराठी घरातील मुलापुढे आज हे दोन्ही शब्द आहेत. दिवाळीत डब्यातून मिळतो तो लाडू. पडद्यावर बळ देतो तो लड्डू. दोन जुळ्या शब्दांनी अर्थाची अशी वाटणी करून घेणे भाषांच्या इतिहासात नवे नाही, आणि अशा वाटणीत घरच्या शब्दाच्या वाट्यास घरगुती अर्थ तेवढा उरतो. शौर्याचा शब्द परका होतो. चिंता वाटावी ती येथे. मूल हिंदी शिकते याची नव्हे.

स्थळनामांचीही तीच कथा. ढोलकपूर, सोनापूर, पहलवानपूर. इतर मालिकांत फुरफुरीनगर, मिरचीनगर. ही गावे कोठेही असू शकतात, अर्थात कोठेच नाहीत. दहिसरच्या मेट्रोमार्गावर २०२२ पासून आनंदनगर व कांदरपाडा ही स्थानके लागोपाठ लागतात. एका नावात अलीकडची वसाहत आहे, दुसऱ्यात तिच्या आधीची वस्ती. पडद्यावर 'नगर' पुष्कळ आहेत, 'पाडा' एकही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता, पुण्यात शिकत होता आणि जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढीत होता. त्या एका आवाजाने व एका खऱ्या गावाने त्याला जी ओळख दिली, ती भीमाला साऱ्या ढोलकपूरने दिलेली नाही.

या पार्श्वभूमीवर २०१९ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'मायटी लिटिल भीम' या मालिकेतील भाग निराळेच भासतात. येथील भीम रांगत्या वयाचा आहे. त्याला बोलता येत नाही. मालिकेत संवादच नाहीत. हवे ते मिळविण्याचा बाळहट्ट आणि अजाणता केलेला बळाचा प्रयोग एवढ्यावर भाग उभा राहतो. दिवाळी, होळीचे रंग, पतंग यांवरील विशेष भागही त्याच पद्धतीने रचले आहेत. येथे बळ पुन्हा स्वभावात परतले आहे, आणि खाऊ हा बळाचा उगम न राहता बाळाला हवीहवीशी वस्तू झाला आहे. कलादृष्ट्या हे भाग थोरल्या भावंडापेक्षा निःसंशय उजवे होत. मराठी मुलाला कोणत्याही परभाषेच्या मध्यस्थीवाचून भेटलेला हा भीम मुका आहे, हा योगायोग मात्र बोचणारा आहे.

काही बालवाहिन्या अलीकडे मराठी ध्वनिपट्टीही देऊ लागल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह खरी, पण शब्दास शब्द ठेवून ती साधणारी नाही. टुनटुन मौसीची टुनटुन मावशी करणे सोपे आहे. मातृष्वसेपासूनच दोन्ही शब्द आले. अवघड आहे ते पुढचे सर्वनाम. हिंदीतील मूल मौसीला 'आप' म्हणते. मराठी मूल आई, मावशी आणि आजी यांना 'तू' म्हणते व त्यातच जवळीक मानते. 'मावशी, आपण लाडू द्याल का?' असे विचारणारा भीम दहिसरमधील कोणत्याही मराठी मुलाला पाहुणा वाटेल. 'मावशी, लाडू दे ना' असे म्हणत तो खिडकीशी आला, तर गोष्ट वेगळी.