काटकी पुसली, पण पट्टे कुठून आले?

‘फोटोत मधेच काटकी आलीये, काढून देशील का?’ सफारीचा सीझन सुरू झाला, की इमेज प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करणाऱ्या माणसाला हा मेसेज येतोच. (लग्नाच्या अल्बममधले नकोसे झालेले काका पुसून देण्याची विनंती मात्र बारमाही असते.) पूर्वी मी लगेच पुसून द्यायचे. आता आधी विचारते, हा फोटो पुढे कोण बघणार आहे आणि कशासाठी?

हे विचारायला मी एका चुकीतून शिकले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ताडोबात बांबूच्या बेटाआड बसलेली एक वाघीण दिसली. फोटो सुरेख आला, फक्त तिच्या उजव्या कुशीवरून एक वाळकी काटकी तिरपी गेली होती. घरी येऊन लामा नावाच्या मॉडेलमधून फोटो काढला आणि काटकी गायब. कुठे जोड दिसेना. वाघांच्या ओळखीवर काम करणाऱ्या मैत्रिणीला मी तो उत्साहाने पाठवला. चार दिवसांनी तिचा फोन आला, “अगं, ही आमच्याकडच्या एकीशी जवळजवळ जुळतेय, पण मधले दोन पट्टे वेगळेच आहेत. नवीन वाघीण आहे की काय?” ते दोन पट्टे नेमके काटकीच्या जागचे होते. काटकी पुसल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही म्हणून.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणूनच कॅमेरा ट्रॅप जोडीने, समोरासमोर लावतात. के. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत वापरली. त्यावरचा त्यांचा पेपर 1995 चा. आजची देशभरातली व्याघ्रगणनाही याच कल्पनेवर उभी आहे. थोडक्यात, वाघाच्या कुशीवरचा पट्टा हा पुरावा असतो, आणि तो मी एका मॉडेलकडून लिहून घेतला होता.

आता त्या मॉडेलच्या पेपरकडे वळू. संशोधनाची तयारी करत असाल तर तो मुळातून वाचाच. सुवोरोव आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 2021 मध्ये आला, 2022 च्या डब्ल्यूएसीव्ही परिषदेत छापला गेला. त्यातली मुख्य युक्ती अशी: नेहमीचं कन्व्होल्यूशन शेजारच्या थोड्याच पिक्सेलकडे बघतं, त्यामुळे मोठं भोक बुजवताना अडखळतं. यांनी फुरिये रूपांतर वापरून नेटवर्कला अगदी सुरुवातीच्या थरांपासून अख्खं चित्र दिसेल अशी सोय केली. त्याचा सर्वात मोठा फायदा पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांमध्ये दिसतो. इमारतीच्या खिडक्या, जाळ्या, कुंपणं हे मॉडेल थक्क करणारं भरतं.

हे वाचून मी कपाळाला हात लावला. वाघाचे पट्टेही लांबून पाहिले तर पुन्हा पुन्हा येणारी रचनाच वाटते! खिडकीच्या बाबतीत ‘शेजारी जसं आहे तसंच इथे असणार’ हा अंदाज बहुधा खरा ठरतो. पट्ट्याच्या बाबतीत तोच अंदाज घातक, कारण शेजाऱ्यासारखा नसणं हीच तर त्याची ओळख. मॉडेलची सगळ्यात मोठी ताकद माझ्या कामात सगळ्यात मोठा धोका होती.

यात पेपरवाल्यांची चूक आहे का? मला नाही वाटत. मोठ्या मास्कखाली एकाहून जास्त नैसर्गिक उत्तरं शक्य असतात, त्यामुळे पिक्सेल-पिक्सेल तुलनेपेक्षा एलपीआयपीएस आणि एफआयडी ही मापं योग्य, असं ते स्वतःच सांगतात. एफआयडी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. ते या एका फोटोचं उत्तर बरोबर आहे का हे विचारतच नाही. भरलेल्या शेकडो-हजारो चित्रांचा गठ्ठा आणि खऱ्या चित्रांचा गठ्ठा, दोन्ही एकूणात किती सारखे दिसतात, एवढंच ते मोजतं. एलपीआयपीएस मूळ फोटोशी तुलना करतं खरं, पण न्यूरल नेटवर्कच्या नजरेतून, साधारण सारखेपणाची. म्हणजे पेपरचा दावा ‘खरं वाटेल असं भरतो’ इतकाच आहे. ‘खरं तेच भरतो’ हा दावा मी घरी बसून मनातल्या मनात जोडला होता.

टीका करायचीच तर चाचणीच्या पद्धतीवर करीन, आणि ती या एकट्या पेपरवर नाही, अख्ख्या शाखेवर. स्वच्छ फोटो घ्यायचा, त्यावर संगणकाने मास्क काढायचा, तेवढा भाग उडवायचा आणि पुन्हा भरायला लावायचा. मास्कच्या कडा कशा धारदार! जंगलातली काटकी अशी नसते. तिच्या कडा धूसर असतात, सावली पडलेली असते, पानांमधून प्राण्याचा रंग थोडाथोडा झिरपत असतो. मी हाताने काढलेल्या मास्कच्या बाहेर काटकीचा पुसट किनारा उरला होता, आणि मॉडेलने बहुधा त्यालाही फर समजून पुढे ओढला.

याच्या शेजारी दुसरा पेपर ठेवून वाचा. 2015 च्या सिग्राफमधला, शू, रुबिनस्टाइन, लिऊ आणि फ्रीमन यांचा. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. फोटो एकच कशाला काढता? कॅमेरा थोडा सरकवत चार-पाच फ्रेम घ्या. जवळची जाळी आणि लांबचं दृश्य वेगवेगळ्या वेगाने सरकतात. त्या फरकावरून दोन थर वेगळे करा आणि एका फ्रेममध्ये झाकलेलं दुसऱ्या फ्रेममधून आणा. या पद्धतीने भरलेला बहुतेक प्रत्येक पिक्सेल कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला असतो. मला हा पेपर जास्त आवडतो, आणि हे आवडणं तटस्थ नाही, हेही मान्य.

त्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. मागचं दृश्य जवळपास स्थिर हवं, आणि वाघीण कान हलवते, श्वास घेते. शिवाय अडथळा किती लांब आहे, यावर सगळं अवलंबून. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. वाघ 30 मीटरवर आणि काटकी तुमच्यापासून 3 मीटरवर असेल, तर कॅमेरा 5 सेंटीमीटर बाजूला नेल्यावर काटकी वाघाच्या अंगावर 45 सेंटीमीटर सरकलेली दिसते. काटकी 27 मीटरवर, म्हणजे वाघाच्या पुढ्यातच असेल, तर तेवढ्याच हालचालीत ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर सरकते. एक सेंटीमीटर जाडीच्या काटकीमागचं बघायचं तर जिप्सीत वीतभर कलावं लागतं. वीतभर! सॉफ्टवेअरवर रात्र घालवण्यापेक्षा हे सोपं आहे, पण त्या क्षणी सुचत नाही.

आणि जवळची काटकी मुळात सगळं झाकतही नाही. 400 मिमीची लेन्स एफ 5.6 वर असेल, तर तिचं छिद्र सुमारे 71 मिमी रुंद असतं. 3 मीटरवरची एक सेंटीमीटरची काटकी वाघाच्या एखाद्या बिंदूकडून येणाऱ्या प्रकाशापैकी फार तर पाचवा हिस्सा अडवते. फोटोत दिसतो तो धुरकट पडदा. माहिती तिथेच असते, फक्त फिकी झालेली, आणि त्या भागाचा कॉन्ट्रास्ट वाढवला की पट्टा वर येतो. तिथे इनपेंटिंग चालवणं म्हणजे हाताशी असलेलं उत्तर फेकून कॉपी करणं. हीच काटकी 27 मीटरवर असेल, तर लेन्सकडे येणारा प्रकाशाचा शंकू तिथे फक्त 7 मिमीचा उरतो आणि काटकी त्याला पुरती गिळते. मागे काय होतं, ते त्या फ्रेमला माहीतच नाही.

म्हणून छायाचित्रण स्पर्धांचे नियम मला आता चोखंदळपणाचे वाटत नाहीत. हॅरी फिश यांचा वाराणसीतला गंगेकाठचा फोटो नॅशनल जिओग्राफिकच्या 2012 च्या स्पर्धेत जिंकला, आणि नंतर बाद झाला. कारण काय, तर कडेची एक प्लास्टिकची पिशवी पुसली होती. ती तशीच ठेवली असती किंवा फोटो कापला असता, तर चाललं असतं, असं त्यांना कळवण्यात आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा मूर्खपणा वाटला होता. कापा किंवा पुसा, पिशवी जातेच ना? पण कापलं की माहिती फक्त कमी होते. पुसलं की पिशवीच्या जागी कुणीही न पाहिलेलं काहीतरी येतं. रंगांचं, उजेडाचं काय, हा वाद उरतोच, आणि तिथे स्पर्धांच्या नियमांची रेघ मला थोडी सोयीची वाटते. तो विषय वेगळा.

तर मैत्रिणीच्या फोननंतर मी मूळ फाइल उघडल्या. नशिबाने मी बटण दाबून ठेवलं होतं, एकूण 9 फ्रेम होत्या. मी हलले नव्हते, पण वाऱ्याने काटकी हलली होती. फ्रेम वाघिणीच्या पाठीच्या रेषेवर जुळवून घेतल्या, तर वरचा पट्टा दोन फ्रेममध्ये स्वच्छ सापडला. खाली तो फाट्यासारखा दुभंगतो. मॉडेलने सरळ ओढला होता. दुसऱ्या पट्ट्याचा मधला भाग नवाच्या नवा फ्रेममध्ये झाकलेलाच निघाला. तिथे मी राखाडी रंग भरला आणि सगळ्या मूळ फाइलसकट तिला पाठवून दिला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. दुभंगलेल्या पट्ट्यावरून आणि मांडीवरच्या खुणांवरून ती त्यांची जुनीच वाघीण होती. तिच्या नोंदीत उजव्या बाजूच्या त्या फोटोपुढे आता ‘अंशतः झाकलेला’ असं लिहिलंय.