मेथीचं पाणी आणि १०० ग्रॅमचा प्रश्न

आमच्या भंडाऱ्याकडे कुणाला शुगर निघाली की सल्ला ठरलेला: रात्री चमचाभर मेथीदाणे भिजवा, सकाळी पाणी प्या. मेथीच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा एक अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, १९९० चा. तो नीट वाचू या.

शर्मा आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड दिली. रोज १०० ग्रॅम, १० दिवस. उपाशीपोटीची साखर घटली, लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. तेच रुग्ण मेथीशिवायही तपासले, ही रचना चांगली.

पण डोस बघा. चमचाभर मेथी म्हणजे जेमतेम ४-५ ग्रॅम. मेथीचा बराच परिणाम तिच्या तंतूंमुळे होतो. दाणे टाकून नुसतं पाणी प्यायलं तर ते तंतू पोटात जाणारच कसे? शिवाय आपल्याकडचे बहुतेक रुग्ण टाइप २ चे.

म्हणजे अभ्यास खोटा नाही, आपला निष्कर्ष उडी मारतो. कोणताही पेपर हातात घेतला की आधी विचारा: रुग्ण कोण, डोस किती, दिवस किती? आणि त्या रुग्णांचं इन्सुलिन सुरूच होतं. मेथीच्या भरवशावर घरात कुणी गोळी सोडली असेल, तर त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या.