‘आपण’पासून ‘तू’पर्यंत : नान्सेन-योहानसेन यांचे ध्रुवीय खोपटे आणि भाषांतराचा प्रश्न

ध्रुवप्रदेशावरील प्रवासवर्णनांचा विचार करताना समीक्षकांचे लक्ष सामान्यतः थंडी, उपासमार आणि विक्रम यांकडे जाते. माणसे एकमेकांसोबत कशी राहिली, हा प्रश्न दुय्यम ठरतो. नॉर्वेचे संशोधक फ्रित्योफ नान्सेन यांचा १८९७ साली प्रसिद्ध झालेला दोन खंडांचा ग्रंथ हे याचे ठळक उदाहरण होय. मूळ नॉर्वेजियन ग्रंथाचे नाव ‘फ्राम ओव्हर पोलहावेट’. मराठी वाचक मात्र त्याला ‘फार्देस्ट नॉर्थ’ या त्याच वर्षीच्या इंग्रजी रूपातच ओळखतो. दोन माणसांनी स्कींवरून केलेली वाटचाल आणि एका खोपट्यात काढलेला हिवाळा हा या ग्रंथाचा सर्वांत वाचनीय भाग आहे. या भागातील एक महत्त्वाची घटना इंग्रजीतून वाचणाऱ्याला दिसूच शकत नाही, आणि तिच्याविना या सहवासाचे आकलन अपुरे राहते.

घटनाक्रम थोडक्यात असा. ‘फ्राम’ हे जहाज १८९३ साली हेतुपुरस्सर ध्रुवसमुद्राच्या बर्फात गोठू दिले गेले. जहाज ध्रुवापर्यंत वाहत जाणार नाही हे लक्षात आल्यावर १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन यांनी जहाज सोडले. सोबत यालमार योहानसेन, २८ कुत्री, तीन स्लेज आणि दोन कयाक होत्या. ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचून एप्रिलमध्ये ते माघारी फिरले. एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खाऊ घालण्यात आला. शेवटी दोनच उरली, तेव्हा स्वतःच्या कुत्र्यावर गोळी झाडणे दोघांनाही जमेना. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचा कुत्रा मारला. सहवासाविषयी पानेच्या पाने लिहूनही जे साधले नसते ते या एका अदलाबदलीत आहे.

ऑगस्ट १८९५ अखेर हे दोघे फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहात अडकले. वॉलरसच्या खांद्याच्या हाडाचे फावडे आणि सुळ्याची कुदळ करून त्यांनी जमीन खणली, दगडांच्या भिंती रचल्या, किनाऱ्यावर वाहून आलेले एक लाकूड आढ्याला घातले आणि वर वॉलरसची कातडी पसरली. खोपटे सुमारे दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद होते. अस्वलाचे मांस हे अन्न, आणि चरबीचा दिवा हा उजेड. निरनिराळे झोपण्याचा प्रयत्न थंडीमुळे फसला आणि ब्लँकेटे पुन्हा एकत्र शिवून दोघे एकाच पिशवीत झोपू लागले. वाचायला नौकानयनाचे पंचांग आणि कोष्टके यांखेरीज काही नव्हते. १९ मे १८९६ पर्यंत हा क्रम चालला. या उपाशी म्हणविणाऱ्या कथेत दोघांचेही वजन वाढले, ही गोष्ट विक्रमवादी वाचकांच्या सहसा लक्षात राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या नॉर्वेजियन भाषेत संबोधनाची दोन सर्वनामे प्रचलित होती : आदरार्थी ‘डी’ आणि सलगीचे ‘डू’. नान्सेन हे १८६१ साली जन्मलेले, प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले मोहीमप्रमुख. योहानसेन त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, लष्करात लेफ्टनंट आणि नामांकित व्यायामपटू. मोहिमेत जागा मिळावी म्हणून त्यांनी जहाजावर भट्टीवाल्याचे काम पत्करले होते. जहाजावरील हे अंतर बर्फावरही कायम राहिले. ऑगस्ट १८९५ मध्ये एका अस्वलाने योहानसेन यांना खाली पाडले. त्याचा गळा हाताने धरून ठेवत त्यांनी नान्सेन यांना घाई करण्यास सांगितले, आणि तेही आदरार्थी सर्वनाम वापरून. इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम असल्याने तेथे केवळ त्यांचा थंडपणा उरतो. मृत्यूच्या जबड्यातही न सुटलेली अदब नाहीशी होते. हे दोघे परस्परांना ‘डू’ म्हणू लागले ते १८९५ च्या वर्षअखेरच्या रात्री, असे चरित्रकार नोंदवितात. म्हणजे एकाच पिशवीत कित्येक आठवडे झोपूनही तोवर त्यांचे ‘अहो-जाहो’ चालू होते.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या वापराचा विचार सत्ता आणि ऐक्यभाव या दोन अक्षांवर केला. गिर्यारोहक एका ठरावीक उंचीच्या वर गेले की सलगीच्या सर्वनामाकडे वळतात, जीव एका दोरावर टांगलेला असतो तेथे औपचारिकता गळून पडते, असे एक निरीक्षणही त्यांनी मांडले आहे. नान्सेन-योहानसेन यांचे उदाहरण या निरीक्षणाला छेद देते. जीव खरोखर टांगणीला लागला होता तो बर्फाच्या भेगांवर, स्कींवरून स्लेज ओढताना. तेथे अदब टिकली. ती गळाली खोपट्यात, जेव्हा पोटभर मांस होते, करण्यासारखे काही नव्हते आणि दिवसातील बहुतांश वेळ झोपेत जात होता. संकटात हुद्दा उपयोगी पडतो, कारण कोणी आज्ञा द्यावयाची हे ठरलेले असते. रिकामपणात त्याचा उपयोग संपतो. हा निष्कर्ष एकाच उदाहरणावर आधारलेला आहे हे मान्य करूनही तो विचारार्ह वाटतो.

या पार्श्वभूमीवर नान्सेन यांचे हिवाळ्याचे प्रकरण पुन्हा वाचावे. रोजनिशी जवळजवळ कोरी राहिल्याची कबुली ते देतात. भांडणे झाली नाहीत का, या लोकांच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर विनोदी आहे : योहानसेन घोरत, आणि मग त्यांच्या पाठीत एक ढोसणी द्यावी लागे. प्रसंग हसविणारा आहे, परंतु त्यात योहानसेन हे वर्णनाचा विषय आहेत, बोलणारे नाहीत. ग्रंथभर ते असेच आहेत : समर्थ, शांत आणि आवाज नसलेले. १७ जून १८९६ रोजी फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज संशोधकाशी झालेल्या सुप्रसिद्ध भेटीच्या प्रसंगातही ते नाहीत. ते मागे तळावर थांबले होते. नान्सेन यांनी हे हेतुतः केले असे म्हणण्याचे कारण नाही. मोहीमप्रमुखाने लिहावयाच्या ग्रंथाचा साचाच तसा होता.

योहानसेन यांनी १८९८ साली स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘सेल्व्ह-आन्डेन’ या त्याच्या शीर्षकातील जुन्या शब्दाचा अर्थ ‘आपण धरून दोघे’ असा होतो. १८९९ साली इंग्रजी भाषांतर आले ते ‘विथ नान्सेन इन द नॉर्थ’ या नावाने. ‘आपण दोघे’चे ‘नान्सेनसोबत’ झाले! प्रकाशकाला खपणारे नाव कोणते हे कळत होते, यात शंका नाही. पण योहानसेन यांनी शीर्षकात मिळविलेली बरोबरी या व्यवहारात गेली. आणखी एक गंमत : ‘फार्देस्ट नॉर्थ’मध्ये ‘स्की’साठी ‘स्नो-शू’ हा शब्द येतो, कारण त्या वेळी ‘स्की’ इंग्रजीत रुळलेला नव्हता. दोघेजण ‘बर्फाचे जोडे’ घालून निघाले असे ज्यांनी वाचले, त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले असेल?

मराठी भाषांतरकाराची स्थिती इंग्रजी भाषांतरकाराहून चांगली, परंतु अधिक अवघड आहे. त्याच्याजवळ ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी तीन सर्वनामे आहेत. नॉर्वेजियनमधील दोहोंसाठी तिहींतून निवड करावयाची आहे. ‘अरे-तुरे’ मराठीत मैत्रीचेही असते आणि अपमानाचेही. शिवाय मराठीत तृतीय पुरुषही निर्णय मागतो. नान्सेन ‘म्हणाले’ आणि योहानसेन ‘म्हणाला’ असे लिहिले की मूळ लेखकाने न लिहिलेली पायरी भाषांतरकाराने बांधलेली असते. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. तो दोघांनाही पहिल्या पानापासून सवयीने काही तरी एक बहाल करतो, आणि वर्षअखेरची ती रात्र कोरी जाते.

पुढे १९११ साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत रोआल्ड आमुन्सेन यांनी घाईने केलेली पहिली कूच फसली. माघारीत मागे पडलेल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन योहानसेन तळावर परतले आणि सर्वांसमक्ष त्यांनी प्रमुखाला दोष दिला. त्यांना ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून वगळण्यात आले. जानेवारी १९१३ मध्ये क्रिस्टियानिया येथे त्यांनी आत्महत्या केली.